सीटाखालची फळी

हे मी कोणालेच सांगतलं नाई. बहिणीले नाई, पोराले नाई. आन् ज्यायले सांगाचं ते तं रोज माया बाजूले बसून चहा पितेत — त्यायले तं नाईच नाई. मंग तुमाले काऊन सांगून राह्यली? माहीत नाई. तुमी आमच्या गावचे नाई, म्हणून असंन.

आमच्या गावात कोणाची वस्तू हरपली आन् मंग ती डोयापुढंच सापडली, का लोक हासतेत आन् मनतेत, फळी झाली व्हय तुयी? तेलुगू शेजारीबी शिकलेत. चेक्क चूसिनवा मामा — फळी पाह्यली का मामा — असं माया मालकाले रस्त्यात इचारतेत. ते हासतेत. मीबी हासते. हो, मीबी. सांगा आता, असं कोणतं तोंड असंन माह्यं?

गाव आमचं तेलंगणात, नेरडीगोंड्याहून हायवे सोडला का आत. काळी जमीन, कापूस. संदेशच्या बाबाजवळ — मी मालकाले असंच मनते, संदेश आमचा पोरगा — एक जुनी जीप हाये, चारी चाकायनं ओढणारी. जिथं ट्रॅक्टर फसते तिथून ते निंगते. कापूस येचणाऱ्या बाया वावरात नेणं, बाजाराच्या दिवशी माणसं नेणं, हेच त्यायचं काम. जीपीचं नाव त्यायनं हत्तीण ठेवलं होतं. मले आजवर लाडाचं एक नाव ठेवलं नाई, पण जीपीले ठेवलं!

आन् त्या हत्तीणीले जॅकवर उचलाचं म्हंजे पाहा, जशी का पूजाच. पयले सगळे खाली उतरा. हँडब्रेक. उचलाचं नाई त्या चाकायले दोन्हीकडून दगड. नट ढिले कराचे ते चाक भुईवर असतानीच. मंग फळी. सागाची, जाड, निर्मलच्या एका सुताराकडून रंधून आणलेली. ते जॅकाच्या खाली, काऊन का आमच्या मातीत नुसता जॅक ठेवला का तो खालीच जाते, गाडी वर येतच नाई. गाडी उचलली का स्टेपनी तिच्या पोटाखाली सरकवाची, पडलीच तं तिच्यावर पडंन. गाडी जॅकवर नाई, फळीवर उभी असते, असं मनत. मी चिडवो, का जेवाले बसताना पाणी घेतलं का नाई ते पाहत नाई तुमी, आन् जीपीचं मात्र सगळं ध्यानात. खरंच होतं. जीपीचं ते कधीच इसरले नाई.

कधीच नाई. हे तुमी ध्यानात ठेवा.

एका साली माया नणंदेच्या पोरीची हळद आमच्या आंगणात होती. हळदीले नवरी बसंन ते लाकडावरच बसंन, आमच्या म्हाताऱ्या बायायचं हे ठरलेलं. खुर्ची चालत नाई, लोखंड तं नाईच नाई. आन् ऐन टायमावर पाट पाह्यला तं त्याचा पाय तुटलेला. सासूबाई मले पाहून राह्यल्या, नणंद मले पाहून राह्यली — घर माह्यं ना! माया डोक्यात फळी आली. संदेशचे बाबा मागच्या अंगाले मांडव बांधत होते. इचाराचं तरी कशाले? गेली, सीटाखालून काढली, पुसली, विटायवर ठेवली, वरून चादर टाकली. काय गोड दिसली पोरगी तिच्यावर बसून! मले सगळ्यायनं शाबास मनलं, फळी कुठली ते कोणी इचारलं नाई.

मंग फळी बायायच्या न्हाणीच्या भिंतीले टेकवली, तिकडं गडीमाणसं येत नसत. उद्या ठेवीन, मनलं. लग्न झालं, पाव्हणे गेले, फळी तिथंच. रोज दिसे. रोज मनो, ठेवीन.

एका सकाळी ते बाया घेऊन वावराकडं निंगले. रातच्याले अवकाळी पाणी येऊन गेलतं. वाटेत चाक पंचर. बायायनंच मले मंग सांगतलं — सीटाखाली हात घालून घालून पाह्यलं त्यायनं, मंग एक चपटा दगड आणला अन् त्याच्यावर जॅक ठेवला. बाया उनात उभ्या होत्या, त्यायची रोजी बुडत होती. दगड एका बाजूनं दबला, जॅक तिरपा झाला, हत्तीण बसली. स्टेपनी पोटाखाली होती म्हणून माणूस वाचला. पण डावा हात चाक आन् मडगार्डच्या मधात राह्यला. दोन बोटं गेली.

दवाखान्यातून मी कपडे न्याले घरी आली, तं न्हाणीजवळ फळी. हळदीनं पिवळी. जीप लोकायनं ओढून आंगणात आणून ठेवली होती.

काय केलं मी? सांगते. घासली फळी. राखेनं घासली, साबणानं घासली. मधातली एक पिवळी रेघ काई केल्या निंगंना, तं तिच्यावर ग्रीस फासलं. आन् नेऊन ठेवली सीटाखाली.

हाताले पट्टी बांधून ते घरी आले तं पयले जीपीजवळ गेले. मी मागंच होती. वाकले. उजव्या हातानं फळी ओढली.

"इथंच होती व," मनले. "मले कशी दिसली नाई?"

तवा बोलता आलं असतं. त्यायनं मले काई मनलं नसतं, हे मले तवाबी माहीत होतं. चिडलेबी नसते. उलट मलेच चहा पाजला असता. आन् तरी मी बोलली —

"होतीच तं. घाईत पाह्यलं नसंन तुमी."

भेली मी. बाकी काई नाई.

त्या दिवसापासून त्यायनं जीप चालवली नाई. हात बरा झाला, धरता येते त्यायले सगळं. पण मनतेत, ज्याले समोरची फळी दिसत नाई त्यानं लोकायच्या बाया-लेकरायले गाडीत बसवू नाई. दोन बोटायचं दुःख त्यायनं कधी केलं नाई. डोयाचं केलं, डोक्याचं केलं. गॅस बंद केला का, कुलूप लागलं का — सगळं मले इचारतेत. तू पाह्यलं म्हंजे झालं, मनतेत. आन् असे मायेनं मनतेत ना, का तिथंच बसून रडावं वाटते.

विहारात आमी संगं बसतो. पंचशील घेताना खोटं न बोलण्याचं शील आलं का माहा आवाज खाली जाते. त्यायले वाटते मले घशाचा त्रास हाये. तवापासून खिशात खडीसाखर ठेवतेत, माह्यासाठी.

गेल्या हप्त्यात संदेश सुनेले घेऊन मुधोळले निंगला. जीप आता तोच चालवते. बाबा गेटजवळ उभे राहून सांगत होते — पयले उतरवाचं, मंग दगड, मंग नट... आन् फळीजवळ येऊन थांबले. माह्याकडं पाह्यलं.

"तू पाह्य व. माया डोयाचा भरवसा नाई."

मी वाकली. ग्रीस कवाचंच उडून गेलं. पिवळी रेघ साफ दिसत होती.

"हाये," मनलं मी. पुरता आवाजबी निंगाला नाई.

त्यायनं पोराले जा मनून हात दाखवला — डावा. जीप गेली. मंग खिशातून खडीसाखर काढून माया हातावर ठेवली.

मी खाल्ली.