पलंगावरची क्रेन

टीपताईंनी एकोणीस वर्षांत एकही वाकडी शिवण मारली नव्हती, कारण मारायची वेळच आली नव्हती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईच्या खोलीला लागून त्यांची शिवणखोली. तिथे चादरी यायच्या, उशांचे अभ्रे यायचे, पेशंटचे झगे यायचे, ऑपरेशनची हिरवी कापडं यायची. सगळ्यांना सरळ टीप. चादर मधोमध विरली की ती उभी कापायची, धडक्या कडा मध्ये आणून जोडायच्या, की परत सरळ टीप. जी याच्याही पलीकडे गेली ती ‘कंडम’ म्हणून कोपऱ्यातल्या गाठोड्यात, पुढे तिची फरशी पुसायची फडकी व्हायची. ताईंचं खरं नाव महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, तेवढं कुणीतरी घ्यायचं. एरवी मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांच्या त्या टीपताई.

सोमवारी सकाळी मुलांच्या वॉर्डच्या सिस्टर स्वतः खाली आल्या. सिस्टर कधी खाली येत नसत, चिठ्ठी पाठवत. ताईंनी मशीनच्या पायट्यावरचा पाय काढला.

“झग्यांची बटणं निघाली का परत?”

“बटणं नाहीत. शुक्रवारी अकरा वाजता माझ्या वॉर्डात फॅन्सी ड्रेस आहे.”

“तुमच्या वॉर्डात? अहो, तिथे तर सगळी हाडं मोडलेली पोरं.”

“म्हणूनच तर घोळ झालाय,” सिस्टर म्हणाल्या आणि अभ्र्यांच्या ढिगावरच टेकल्या.

झालं होतं असं. चार नंबरच्या पलंगावर एक नऊ वर्षांची मुलगी होती. सायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पाय ट्रॅक्शनमध्ये. म्हणजे पाय वर टांगलेला, पलंगाच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला वजनं. अजून तीन आठवडे तिला तसंच उताणं पडून राहायचं होतं. शुक्रवारी तिच्या शाळेत फॅन्सी ड्रेस होता आणि हे कळल्यापासून तिने भिंतीकडे तोंड केलं होतं. तिची समजूत घालताना सिस्टरांच्या तोंडून निघून गेलं, “त्यात काय, आपण इथेच करू.” हे अख्ख्या वॉर्डाने ऐकलं.

“आता मागे सरले तर ती पोरं मला वॉर्डात पाय ठेवू देणार नाहीत. आणि एक सांगते, विकत काही आणायचं नाही, तशी सोयच नाही. जे काही कराल ते धुता किंवा पुसता आलं पाहिजे. चमकी नको, पिसं नकोत, टाचण्या तर अजिबात नकोत.”

“सिस्टर, मला यातलं काही येत नाही हो. मी चादरी शिवते.”

“मग चादरींचंच करा काहीतरी,” असं म्हणून सिस्टर उठल्या आणि गेल्यासुद्धा.

ताई गळ्यात टेप अडकवून वर गेल्या. चार नंबरवरच्या मुलीला सगळा वॉर्ड ‘मॅडम’ म्हणायचा, का ते दोन मिनिटांत कळलं. ताईंनी परी म्हणून पाहिलं, राजकन्या म्हणून पाहिलं, फुलपाखरू म्हणून पाहिलं.

“फुलपाखरू असं उताणं पडतं का?” मॅडमने भिंतीलाच विचारलं. “मेलेलं असलं तर पडतं.”

“मग परी? पायावरून छान झालर सोडते. पाय दिसणारसुद्धा नाही.”

आता मात्र मॅडमने मान वळवली. “पाय झाकायचा नाही. झाकला की येणारा प्रत्येक जण विचारतो, खाली काय झालंय, बघू.”

ताईंनी उगाच तिच्या हाताची मापं घेतली आणि जिना उतरायला लागल्या. उतरता उतरता त्यांना त्यांचा स्वतःचा फॅन्सी ड्रेस आठवला. त्या सात वर्षांच्या असताना त्यांच्या आईने मोठ्या खोक्याला लाल रंग फासून त्यांची टपालपेटी केली होती. पत्र टाकायची फट डोळ्यांसमोर यायला हवी होती, ती आली कपाळावर. ताई स्टेजवर चालल्या त्या थेट बाजाच्या पेटीत. पेटी कण्हली, सगळा हॉल हसला. घरी आल्यावर आई म्हणाली, “चूक माझीच. टपालपेटी कधी चालते का? तुला एका जागी उभी करायला हवी होती.”

ताई मधल्या पायरीवरच थांबल्या. या पोरीला चालायचं नाही, उठायचं नाही, पाय खाली घ्यायचा नाही. मग पाय वर करून एका जागी पडून राहणारं असं जगात आहे तरी काय?

शिवणखोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून समोरच्या नव्या इमारतीचं बांधकाम दिसायचं. सात-आठ महिने ते चालू होतं. ताईंनी त्याच्याकडे उजेड किती येतो एवढ्यापुरतंच पाहिलं होतं. आज सुईत दोरा ओवायला त्या खिडकीशी गेल्या आणि दोरा हातातच राहिला. समोर पिवळीधमक क्रेन उभी होती. वर गेलेला लांब हात, त्याच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोर, दोराला खाली वजन.

लिफ्टची वाट न पाहता ताई दोन मजले चढल्या. वय एक्कावन्न, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी गुडघ्यांनी तोंड उघडलं नाही.

“मॅडम,” त्या धापा टाकत म्हणाल्या, “क्रेन होणार का?”

मॅडमने आधी ताईंकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे, मग कप्पीकडे. मग म्हणाली, “उचलणारी की नुसती दिसणारी?”

“उचलणारी,” ताई म्हणाल्या. कशी ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं.

त्या दुपारपासून शिवणखोलीत जे सुरू झालं त्याला काम म्हणणं अवघड आहे. ताई रोजच्या चादरी चारपर्यंत उरकायच्या, कधी नव्हे ते झपाट्याने, आणि मग गाठोडं सोडून बसायच्या. पहिली अडचण रंगाची. हॉस्पिटलात पांढरं मिळतं, हिरवं मिळतं, पिवळं कुठून आणायचं? ताईंना कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आठवल्या. कोऱ्या, गुळगुळीत, पुसता येणाऱ्या. सिस्टरांनी तो विचार जागीच मोडून काढला.

“पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा. सकाळची पाळी आली की तुमची क्रेन उचलून भट्टीत टाकतील, आणि त्यांचं काही चुकणार नाही.”

शेवटी अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारे मामा देवासारखे धावून आले. त्यांच्या गाडीत दोन जुने पिवळे रेनकोट पडून होते, बगलेत फाटलेले, चेन गेलेले. “घेऊन जा,” ते म्हणाले, “मी आता त्यात मावतही नाही.” ताईंनी रेनकोट साबणाने धुतले, जंतुनाशकाने पुसले, उसवले आणि टेबलावर पसरले. सलाइनचे स्टँड ज्या लांब खोक्यांतून येतात त्यातली दोन त्यांनी भांडारातून मागून आणली, एकात एक सरकवून हात केला आणि त्यावर रेनकोट चढवला. रेनकोटला सरळ टीप चालेना. खांद्याची गोलाई, टोकाचा निमुळतेपणा, जिथे तिथे वळण. टीपताईंनी आयुष्यात पहिल्यांदा कापड वळवत वळवत शिवलं आणि शिवता शिवता त्या चक्क गुणगुणत होत्या. धुलाईच्या खोलीतल्या बायका दारातून डोकावून गेल्या.

बुधवारी मोठे डॉक्टर आले. हाडांचे डॉक्टर, उंच, कमी बोलणारे, डोक्यावर सदा कागदी टोपी. त्यांनी क्रेनकडे संशयाने पाहिलं. “माझ्या दोराला, कप्पीला किंवा वजनांना यातला एक धागाही लागला तर मी हे सगळं खिडकीबाहेर फेकेन.”

“लागणार नाही, साहेब. हा हात दुसऱ्या बाजूच्या चौकटीला बांधणार. वितीचं अंतर ठेवलंय.” ताईंनी टेप काढून दाखवला.

डॉक्टरांनी टेप स्वतःच्या हातात घेऊन मोजलं. “ठीक आहे. आणि आकडा कशाचा? तारेचा नको. डोळ्यात जाईल.”

आकडा तारेचाच होता. ताईंचा चेहरा पडला. त्यांनी कंडम चादरीचा आकडा शिवून आत चिंध्या ठासल्या. तो दिसायला झकास झाला, पण त्याने काही उचलेना, नुसताच लोंबकळायचा. मॅडमने तो नुसत्या दोरीने दोनदा खाली सोडून पाहिला आणि “ही तर नुसती दिसणारी,” म्हणत वर ओढून घेतला. ते ताईंच्या फार जिव्हारी लागलं.

उत्तर सापडलं ते व्यायामाच्या खोलीत. तिथल्या बाई गुडघ्याचे जुने पट्टे टाकायला काढत होत्या, आणि पट्टा सोडताना चर्रर्र आवाज आला. वेल्क्रो. ताईंनी काही न विचारता तीन पट्टे उचलले आणि काखोटीला मारले. “अहो, हवे असतील तर घ्या की,” बाई मागून म्हणाल्या, तोवर ताई जिन्यात पोचल्या होत्या. वेल्क्रोची खरखरीत बाजू आकड्याच्या पोटाला शिवली आणि मऊ बाजू मुलांच्या खेळण्यांना एकेका टाक्याने. दोऱ्याच्या रिकाम्या रिळाची कप्पी केली, दोरीचं टोक मॅडमच्या हातात दिलं. आकडा हळूहळू खाली गेला, जमिनीवरच्या कापडी सशाला टेकला आणि ससा डुलत डुलत वर आला.

“आली,” मॅडम हळूच म्हणाली. मग तिने ससा सोळा वेळा उचलला. जेवणाचं ताट आलं तेव्हा तिने चमच्यालाही वेल्क्रो लावायला सांगितलं आणि त्या नादात ताट रिकामं केलं.

क्रेनची बातमी पसरली तशी बाकीच्यांनी ताईंना घेरलं. एक पाच वर्षांचा बडबड्या होता, कोपरात वाकवून प्लास्टर घातलेला. ताईंनी त्याला उभं केलं, चारी बाजूंनी पाहिलं, आणि त्यांना हसूच आलं. वाकलेला हात म्हणजे किटलीचा कान. दुसरा हात वर केला की तोटी. पांढऱ्या अभ्र्यात चिंध्या भरून गोल पोट, डोक्यावर पुठ्ठ्याचं झाकण, आणि झाकणाला बटणाची मूठ. दीड वर्षाची एक बाळी होती, कमरेपासून दोन्ही पाय फाकवून प्लास्टरमध्ये. तिच्या आईला वाटत होतं, हिचं काय होणार. ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, “ही तर बसलेला बेडूकच आहे.” आई खुदकन हसली, मग तिला थांबताच येईना. ऑपरेशनच्या कंडम झालेल्या हिरव्या कापडाचा बेडूक झाला, डोळ्यांच्या जागी कापसाचे दोन गोळे शिवून बसवलेले.

शुक्रवारी साडेदहालाच वॉर्ड भरला. वरच्या मजल्यावरचे पेशंट चाकाच्या खुर्च्यांत बसून आले, धुलाईच्या बायका आल्या, मामा अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी करून आले. ताई पडद्यामागे उभ्या होत्या, हातातली सुई खिशात ठेवून. एकोणीस वर्षांत त्यांनी शिवलेल्या गोष्टीकडे कुणी बघायला आलं नव्हतं. चादरीवर लोक झोपतात, तिच्याकडे बघत नाहीत.

किटली चालत आली आणि प्रत्येकाच्या कपात चहा ओतायचं नाटक करत फिरली. वाकताना झाकण पडलं, तर तिने तेही उचलून “उकळी आली” म्हणून सांगितलं. बेडूक आईच्या मांडीवर बसला होता. तो ऐन वेळी झोपून गेला आणि शेवटपर्यंत झोपलेलाच राहिला.

मग सिस्टरांनी चार नंबरचा पडदा सरकवला. पिवळा हात पलंगावरून पुढे आलेला, त्यावर काळ्या पट्ट्या, मॅडमच्या डोक्यावर पुठ्ठ्याचं हेल्मेट, हातात दोरी, आणि पाय सगळ्यांना दिसेल असा वर. कुणीही विचारलं नाही की पायाला काय झालंय. क्रेनचा पाय वरच असतो.

“बाजूला व्हा, माल येतोय,” मॅडमने हुकूम सोडला. ससा वर गेला. बाहुली वर गेली. मामांची टोपी वर गेली, तिला ताईंनी आधीच गुपचूप टाका घातला होता. तेवढ्यात राउंडवर निघालेले मोठे डॉक्टर गर्दी बाजूला सारत आत आले आणि वजनं ठीक आहेत का ते बघायला पलंगाशी वाकले. आकडा बरोबर त्यांच्या डोक्यावर लोंबत होता. कागदी टोपीला वेल्क्रो असा काही चिकटला आणि मॅडमने दोरी अशी ओढली, की डॉक्टर सरळ झाले तेव्हा टोपी हवेत होती आणि साहेबांचं तुळतुळीत टक्कल सगळ्या वॉर्डासमोर.

ताई पडद्याआडून डोकावल्या.

डॉक्टरांनी वर पाहिलं. “किती टनापर्यंत उचलते ही?”

“तुम्हाला नाही उचलणार,” मॅडम म्हणाली, “पण टोपी परत हवी असेल तर रांगेत उभे राहा.”

आणि डॉक्टर खरोखर बडबड्या किटलीच्या मागे जाऊन उभे राहिले. वॉर्डात असा हशा उसळला की बेडकाच्या आईने बाळाचे कान झाकले.

बक्षीस कुणाला द्यायचं यावर वाद झाला. शेवटी सगळ्यांच्या मताने ते बेडकाला गेलं, कारण इतका शांत बेडूक कुणी पाहिला नव्हता. मॅडमला त्याचं काही वाटलं नाही. तिच्यासमोर माल उचलून घ्यायला आठ जणांची रांग होती. सिस्टर ताईंना शोधत पडद्यामागे गेल्या, तर ताई तिथे डोळे पुसत उभ्या.

“अहो, रडताय काय?”

“रडत नाहीये. हेल्मेटचा पट्टा सैल झालाय तिचा, तो बघत होते,” ताई म्हणाल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि टोपीची गोष्ट हातवारे करून तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तोच म्हणाला, “आता क्रेनचा आवाज मी काढतो, तू पुढचं सांग.”

सोमवारी सकाळी त्या शिवणखोलीत आल्या तर टेबलावर चादरींच्या ढिगावर एक चिठ्ठी ठेवलेली. अक्षर पुरुषांच्या वॉर्डच्या सिस्टरांचं. ‘आमच्याकडे तीन जण पाय टांगून आहेत. वयं बेचाळीस, छप्पन्न आणि सदुसष्ट. तिघे शुक्रवारपासून एकमेकांशी भांडत आहेत की क्रेन कोण होणार. छप्पन्नवाल्यांना जहाजही चालेल. वेळ असेल तेव्हा वर याल का?’

ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग समोरच्या चादरींकडे पाहिलं, म्हणाल्या, “तुम्ही जरा थांबा,” आणि गळ्यात टेप अडकवून जिन्याकडे निघाल्या. जहाजाचं शीड किती उंच धरावं, हा हिशेब पहिल्याच पायरीवर सुरू झाला होता.