कमरेला पिस्तूल, दारात व्याही

भीमपूरचा चंपत अकरा वर्षं माणिकरावांची गाडी चालवत होता. माणिकराव कापसाच्या जिनिंगचे मालक. जमिनीच्या भांडणातून कुणीतरी त्यांच्या गाडीची काच गोळीनं फोडली आणि त्या आठवड्यापासून चंपतच्या कमरेला, सदऱ्याच्या आत, पिस्तूल आलं. मालकाच्या परवान्यावर राखणदार म्हणून त्याचं नाव रीतसर चढलं. अट एकच होती, "कोनालेच समजाले नोको. घरीबी नाई."

गुपित पोटात ठेवणं सोपं, कमरेला ठेवून बघा! चंपत वाकेनासा झाला. गर्दी दिसली की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. बायको सखूबाईला वाटलं, कमरेत उसण भरली. ती बिचारी तेल कोमट करून आणायची आणि हा तिच्यावर खेकसायचा. मग रात्रभर त्याचं त्यालाच वाईट वाटायचं.

त्यात थोरल्या मुलीचा, मैत्रीचा, साखरपुडा ठरला. तीन स्थळं मोडल्यावर जुळलेलं हे चौथं, मुलाचे वडील सुधाकरराव तहसीलमध्ये कारकून. हे हातचं जाऊ नये, एवढंच चंपतला हवं होतं. त्यानं एक दिवसाची सुट्टी मागितली.

"सुट्टी कायची? पोरीच्या साखरपुड्याले मीच येतो ना!" माणिकराव म्हणाले. मालक सोबत म्हणजे ड्यूटी आणि ड्यूटी म्हणजे पिस्तूल.

"मालक, त्या दिवशी गाडीत ठेवू का?"

"अन् मांडवातच मले कोनी मारलं तं?"

झालं! पिस्तूल मांडवात येणार हे ठरलं, कप्पाळ!

इकडे सोयरीक पक्की झाली की दोन व्याही भर मांडवात एकमेकांना कवळ्यात, म्हणजे मिठीत, घेतात, तेही हाडं मोडेस्तोवर. पंचशील म्हणून झालं आणि सुधाकरराव हात पसरून पुढं आले. चंपतनं लांबूनच हात जोडले.

"असं नाई जमत, चंपतराव!" सुधाकरराव म्हणाले. बायका हसल्या. कुणीतरी मागून त्याला ढकललं.

सुधाकररावांनी घट्ट मिठी मारली. त्यांचा हात चंपतच्या कमरेवर थबकला. त्यांनी तिथंच चाचपलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय हाय?"

चंपतनं माणिकरावांकडं पाहिलं. ते पानाचा डबा उघडत होते.

"मालकाच्या जिवाले धोका हाय, म्हनून..."

"मंग गोळी आली तं पयले कोनाले लागन?" सुधाकररावांनी हळूच विचारलं. "आन् उद्या आमचं पोरगं तुमच्या बाजूले बसलं तं?"

पोरीचं स्थळ डोळ्यांदेखत निसटत होतं. हे पिस्तुलाचं मढं आत्ताच मालकाच्या पदरात टाकून मोकळं व्हावं, एवढंच त्याच्या डोक्यात आलं. तो माणिकरावांकडं वळला आणि त्यानं सदऱ्याखाली हात घातला.

माणिकरावांच्या हातचा डबा पडला. दोन्ही हात तोंडापुढं धरून ते खुर्चीमागं दडले. "चंपत, नोको! माहं काय चुकलं?"

मांडवात किंकाळी उठली. सुधाकररावांनी आपल्या पोराचा दंड धरून त्याला बाहेर ओढलं.

"मी तं वापस देऊन राह्यलो," चंपत म्हणाला. त्यानं पिस्तूल सदऱ्याबाहेर काढून तळहातावर धरलं. कुणी पुढं येईना. त्यानं मैत्रीकडं पाहिलं, निदान तिला तरी कळेल म्हणून.

मैत्री हिरवी साडी सावरत दोन पावलं मागं सरली.

"आमी कळवतो," सुधाकरराव रस्त्यावरून म्हणाले.