हणमंतरावांनी विचारलं तेव्हा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

नव्वदनंतरची चार-पाच वर्षं. मी कुपवाडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो आणि हणमंतराव तिथेच गेटवर. फौजेतून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे. दोघंही पन्नाशी ओलांडलेले. सांगलीहून रोज जोडीनं सायकलीवर जायचो. ते बोलायचे कमी. चढाला मात्र मुद्दाम मागं राहायचे, मी एकटा पडू नये म्हणून.

मला लघवीचा त्रास सुरू झाला, तेव्हा सांगलीतल्या डॉक्टरकडं गेलो नाही. ओळखीचं कुणी पाहील — ही भीती. बहिणीला भेटायचं निमित्त करून साताऱ्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. ती तपासणी कशी असते हे आजही तोंडानं सांगवत नाही. प्रोस्टेट ग्रंथी सुजली होती. ते म्हणाले, सायकलीनं हा आजार होत नाही, पण त्या जागेवर सारखा दाब आला की त्रास वाढतो. सीट रुंद घ्या, पुढचं टोक जरा खाली करा, मध्ये उतरत जा, लघवी तुंबवू नका. आणि लाज सोडून दरवर्षी तपासून घ्या — सूज साधी की वाईट, हे वरून कळत नाही.

मी सगळं केलं. गोळ्या लपवून घेतल्या. आराम पडला.

हणमंतरावांच्या नजरेतून नवी सीट सुटली नाही. जुनी फाटली, असं मी सांगून टाकलं. चार दिवसांनी ते वाटेत उतरले, बाभळीआड जाऊन बराच वेळ उभे राहिले. परत आले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाऊ, धार धड येत न्हाई. खाली लय जड वाटतं. तुमाला कवा झालंय का असं?"

फौजी माणूस. हे विचारायला त्यांनी किती दिवस धीर गोळा केला असेल?

"नाही बुवा," मी म्हणालो. "उष्णता असेल. धन्याचं पाणी घ्या."

मला कशाची भीती होती? कारखानाभर होईल याची? हणमंतरावांच्या तोंडून? — त्यांनी कधी कुणाचं काही बोलून दाखवलं नव्हतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ते इमानानं धन्याचं पाणी पीत राहिले. जवळजवळ वर्षभर. रोज मी शेजारी होतो — रोज. मग एका सकाळी लघवी पूर्ण अडली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. कॅन्सर निघाला. हाडांत उतरलेला.

मी भेटायला गेलो. खाटेशेजारी तासभर बसलो. तेव्हा तरी सांगायचं — पण मी कारखान्यातलं, इकडचं तिकडचं बोलत राहिलो. निघताना ते म्हणाले, "आता एकटंच जाताय न्हवं? सावकाश जात जावा."

लवकर कळलं असतं तर वाचले असते का? माहीत नाही. या प्रश्नामागं मी पुष्कळ वर्षं लपलो.

तेराव्याला त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नीनं जमलेल्या भावकीला माझी ओळख करून दिली — ह्यांच्या सगळ्यात जवळचा माणूस. आणि मला पहिल्या पंगतीत बसवलं.

मी बसलो. जेवलो.