पंप बंद करायचा नाही

दीपमाला वानखडेला किळस आली म्हटलं की लोकांना वाटतं, अंड्यांची आली असेल. छे! कोंबडीच्या अंड्यातून चिमुकलं पिल्लू काढायचं, त्याच्या पायाच्या कोंबातल्या पेशी सुट्या करून काचेच्या बशीत वाढवायच्या, हे तिने पाच वर्षं केलं आणि एकदाही नाक मुरडलं नाही. किळस आली ती माणसांची, तीही चांगल्या शिकल्यासवरलेल्यांची.

पोरगी यवतमाळची. वडील तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. लेक पीएच.डी. करून डॉक्टर होणार हे त्यांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं. इथे सदाशिव पेठेत ती कॉट बेसिसवर राहायची. ‘पाणी साडेसातला जातं, तुमच्या संशोधनासाठी थांबत नाही,’ एवढंच घरमालकिणीचं प्रेम.

प्रयोगशाळा सुदर्शन सरांची. कोंबातल्या काही पेशींची कूर्चा होते, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यातलं ते मऊ हाड, आणि काहींचे स्नायू होतात. कुणी काय व्हायचं याचा निरोप पेशीत शिरणारं कॅल्शियम देतं. पेशींत एक रंग घातला की कॅल्शियम शिरताना त्या चमकतात. सरांच्या बशीत त्या ठेक्यात चमकायच्या. सर म्हणायचे, पेशींना स्वतःचं घड्याळ असतं आणि त्याच ठेक्यावर कूर्चा की स्नायू हे ठरतं. या घड्याळावर त्यांनी किती शाली आणि नारळ घरी नेले, ते त्यांनाच ठाऊक.

बशीत ठरावीक वेळाने ताजं पोषक पाणी सोडायला एक छोटा पंप होता. त्यावर सरांच्या हातची पाटी: ‘पंप बंद करायचा नाही. पेशी मरतात.’ पाटीवर लिहिलंय म्हटल्यावर पुण्यात कोण विचारतो? कुणीच कधी बंद केला नाही.

मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. सूक्ष्मदर्शक बॅटरीवर चालत राहिला, पंप थांबला आणि चमकणंही थांबलं. पेशी मात्र ठणठणीत जिवंत! लाइट आली, पंप सुरू झाला, पेशी पुन्हा चमकू लागल्या. दीपमालाने पंपाचा वेग वाढवला, तशा त्या भराभर चमकल्या. पाण्याचा धक्का बसला की कॅल्शियम आत शिरत होतं. कसलं घड्याळ अन् कसलं काय, सगळा पंपाचा ठेका!

तिने धावत जाऊन सरांना सांगितलं. सरांनी चहा संपवला. “पंप थांबला की पेशी घाबरतात,” ते म्हणाले. घाबरतात म्हणे! मग हळूच, “तुझा प्रबंधही यावरच आहे ना? डिग्री घे, नोकरीला लाग. मग बोल काय खरं बोलायचंय ते.”

शेजारच्या टेबलावर बसणारी स्पृहा त्याहून भारी निघाली. “अगं, मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. एवढं काय त्यात? चिल!”

त्या क्षणी दीपमालाला या माणसांची किळस आली. त्यानंतर सरांच्या केबिनमधल्या चहालाही तिने हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात अनुदान देणाऱ्यांची समिती पाहणीला आली. सरांनी सूक्ष्मदर्शकाला जोडलेला पडदा दाखवला. “बघा, कशा स्वतःच्या तालात चमकतायत!”

दीपमालाने हात पुढे केला आणि पंप बंद केला.

पडदा काळा झाला. “लाइट गेली वाटतं,” सर म्हणाले.

“लाइट आहे, सर. पंप बंद केलाय मी.”

समितीतल्या एक वयस्कर बाई पुढे वाकल्या. “पेशी मेल्या का?”

“नाही.” तिने पंप चालू केला, पडदा चमकला. बंद केला, काळा.

“म्हणजे आजवर इथून छापून गेलेलं सगळं...”

“हो मॅडम. माझ्या प्रबंधासकट.”

सर दात आवळून एवढंच म्हणाले, “बाहेर हो.” ती झाली. स्पृहाने मान वर केली नाही.

स्वारगेटला बसची वाट बघत असताना वडिलांचा फोन आला. “मंग बाई, आमी कधी येऊ पुण्याले? तुह्या डिग्रीसाठी नवा कोट शिवून ठेवला ना म्या.”

“बाबा, कोट ठेवून द्या. पुन्हा पहिल्यापासून करायचंय सगळं. ते खोटं होतं.”

मग त्यांनी विचारलं, “कोनं केलं व असं खोटं?”

बस आली, भरली, निघून गेली.

“मीच, बाबा,” दीपमाला म्हणाली. “पाच वर्षं पंप चालू ठेवला मी.”