जगदेवचा ताशी वेग

जगदेव मलेरियाच्या कामावर होता. मंगरूळपीरकडच्या सात गावांत घरोघर जायचं, तापकऱ्याच्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, भिंतीवर तारीख लिहायची. सहा वर्षं सायकलवर त्यानं हेच केलं. चौऱ्याहत्तरच्या श्रावणात दौलतराव हे नवे साहेब आले, अन् त्यांनी सगळ्यांच्या मैलांना तासांनी भागायला घेतलं.

"तुझ्याच कामावरचा किसनसिंग ताशी आठ मैल, अन् तू तीन? बैलगाडी बरी की रे! आठ दिवसांत सुधारला नाहीस तर नाव कमी करतो."

"किसनसिंग डांबरीनं शेलूबाजारले जाते, साहेब. मले काळ्या मातीतून तांड्यावर जा लागते."

"दोघांच्याही सायकलीला चाकं दोनच ना?"

कचेरी हसली. घरी बायको गंगू मात्र भडकली. "देवानं पाय सारखे देल्ले, वाटा नाही देल्ल्या. घेऊन जा त्याले संगं!"

दुसऱ्या दिवशी जगदेवनं चारचौघांत साहेबांना तांड्यावर संगं चला म्हटलं. साहेबांना नाही म्हणता येईना.

त्यांची सायकल नवीकोरी, मडगार्डांसकट. जगदेवनं आपली मडगार्डं कधीचीच काढून टाकली होती. नाला ओलांडून दोघं चार शेतं पुढं गेले नाहीत, तोच साहेबांच्या मडगार्डात चिखल ठासला अन् चाक जाम झालं. काडीनं कोरलं, दहा पावलांवर पुन्हा जाम. जगदेव पुढं निघाला. सायकल खांद्यावर, काचांची पेटी उराशी.

"अरे थांब की!"

"थांबलो तर तिनाचे दोन होतीन, साहेब."

साहेबांनी दात खाल्ले अन् बूट हातात घेतले.

तांड्यावर कमलीबाई तापानं फणफणली होती. जगदेवनं पेटी उघडली. एकही काच तडकली नव्हती. सुई टोचली, थेंब काचेवर पसरला, हात जरासुद्धा हलला नाही. साहेबांनी वही काढली. त्यांनी वेगाच्या रकान्यातला तिनाचा आकडा खोडला.

"नाव राहू देतो. पण कचेरीत याचा बोभाटा केलास तर याद राख."

"मी कायले बोलू? तुमची चिखलाची पँटच सांगून राह्यली."

साहेब रिसोडला बदलून जाईपर्यंत त्यांनी जगदेवला कधी चहा विचारला नाही. जगदेवही त्यांच्या टेबलाशी कामाशिवाय उभा राहिला नाही.