यंदा गाभोळी नाय

मांडवीच्या आमच्या घराच्या पायरीवर टोपली टेकली की ती आधी बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडून दाखवायची. "बघ गो बाय, लाल हाय." बाकी विचारपूस काही नाही. दारावर मासे विकणाऱ्या या बाईला मी तोंडावर मावशी म्हणत असे आणि मनात दगड.

कारण हळवी मी होते. तशी ख्यातीच होती माझी. केसांत माळलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर सुकला तरी माझे डोळे भरत, आणि भरले की कुणी बघतंय ना, याकडे मी नीट लक्ष ठेवी. अशा मुली तुम्हीही पाहिल्या असतील.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं पोटातलं मूल गेलं. अख्खी आळी भेटायला आली. प्रत्येकीच्या गळ्यात पडून मी रडले. मावशी आली, कल्ला दाखवला, बांगडे दिले, गेली.

वर, त्या दिवसापासून ती बांगडे साफ करूनच आणू लागली. एरवी पायरीवर बसून माझ्यासमोर चिरायची. माशाच्या पोटातली गाभोळी, म्हणजे अंडी, माझा जीव की प्राण. आणि ऐन हंगामात माझ्या वाट्याला एकही नाही. शेवटी मी तिला भर आळीत सुनावलं, की गाभोळी काढून दुसरीकडे विकता आणि आम्हाला रिकामे बांगडे देता.

"यंदा गाभोळी नाय, बाय," एवढं बोलून तिने टोपली उचलली. शेजारच्या दोन घरांनी तिच्याकडून घेणं सोडलं. ती मात्र दुसऱ्या दिवशी आलीच, साफ केलेले बांगडे घेऊन.

पुढे मुलगा झाला. बारसं उरकलं, तशी तिने पायरीवर अख्खे बांगडे मांडले आणि माझ्यासमोर पोट चिरलं. आत गच्च गाभोळी. ती गेल्यावर मी सासूबाईंकडे वळले.

"रिकाम्या झालेल्या बाईसमोर भरलेलं पोट चिरू नये, म्हणून ती बंदरावरच साफ करून आणायची," सासूबाई म्हणाल्या. "मला तिने बोलू दिलं नाही."

तेव्हा रडायला हवं होतं. नेमकं तेव्हाच जमलं नाही.

त्यानंतर ती कितीतरी वर्षं येत राहिली. आज माफी मागायचीच, असं मी ठरवायचे. ती कल्ला उघडायची आणि मी मुकाट बांगडा बघायचे. मग एका पावसाळ्यानंतर ती आलीच नाही. गेल्याचं दुसऱ्या मासेवालीने सांगितलं.

गेल्या महिन्यात माझी नातसून हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी घरी आली. मी बाजारात जाऊन बांगडे तिथेच साफ करून घेतले आणि गाभोळी तिथेच सोडून आले. जेवताना नातसुनेने ताट न्याहाळलं.

"आजी, गाभोळी तुम्ही एकट्यानेच खाल्लीत ना?"

"यंदा गाभोळी नाय," मी म्हटलं आणि तिला भात वाढला.