आप्पांची दमणी आणि कार्बाइडचे दिवे

आमचे आप्पा सांगितलेल्या दिवशी कधीच कुठे पोहोचले नाहीत. उशिराचं कारण दर वेळी एकच, त्यांची दमणी. निपाणीजवळच्या आमच्या गावात छपराच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या, पण आप्पांनी त्यांच्या गाडीत संसारच मांडला होता. झोपायला फळी, फळीखाली ज्वारीचं पोतं, पत्र्याची शेगडी, कडीला टांगलेली घागर. आई गेल्यावर त्यांना घरात करमेना. तंबाखूचं काम आटपलं की बैल जुंपायचे आणि लेकींकडे निघायचे. आधी वडगावला माझ्याकडे, मग जांबोटीला आक्काकडे.

आमच्याकडे आले तरी ते घरात टेकत नसत. अंगणात गाडी सोडायची आणि तिच्याखाली शिरायचं. जेवायला हाक मारली की खालून उत्तर यायचं, "एवढं एक करतो, मग आलोच." ताट निवून जायचं. भेटायला आलात की गाडी दुरुस्त करायला, असं मी एकदा विचारलंही. ते नुसते हसले आणि पाना मागून घेतला.

स्वातंत्र्याच्या आधीची, मी पंचविशीत असतानाची गोष्ट. दोन मुलं जाऊन आक्काला तिसरा मुलगा झाला होता, आणि यानं चांगलं बाळसं धरलं होतं. आई नाही म्हणून बाळंतपण सासरीच झालं. निदान बारशाला तरी माहेरचा पाळणा यावा, एवढंच तिनं निरोपात मागितलं होतं. आप्पांनी रंगीत पाळणा करून घेतला, त्याचे भाग सोडवून गाडीत बांधले आणि बारशाच्या चार दिवस आधी वडगावला पोहोचले. मला नवल वाटलं आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते बेळगावच्या बाजारात गेले आणि मोटारीचे दोन जुने कार्बाइडचे दिवे घेऊन आले. आदल्या वर्षी जांबोटीच्या वाटेवर लाकडाची लॉरी त्यांच्या गाडीला चाटून गेली होती, तेव्हापासून त्यांचा कंदिलावरचा विश्वास उडाला होता. दिव्याच्या वरच्या भागात पाणी, खालच्या भागात कार्बाइडचे खडे. पाणी थेंबथेंब पडलं की वायू सुटतो आणि तो पेटवायचा. लसणीसारखा उग्र वास अंगणभर पसरला. दिवे बसवायला लोहाराकडून पट्ट्या करून आणण्यात तो दिवस गेला. गाडीच्या मागं कंदिलाला लाल काच बसवण्यात दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून लुगड्यांचं बोचकं घेऊन उंबऱ्यात बसले होते.

"आप्पा, उद्या बारसं हाय."

"व्हय गं, ठाऊक हाय मला. एवढा पेच आवळतो, मग निघायचंच."

निघेपर्यंत दुपार कलली. अर्ध्या वाटेत दिवस मावळला, तेव्हा आप्पांनी मोठ्या हौसेनं दिवे पेटवले. पांढरा झोत आणि फुसफुस आवाज एकदमच झाला. डावा बैल बुजला, गाडी रस्त्याकडेच्या चरीत उतरली आणि चाकाचे दोन आरे मोडले. आम्हाला कुणालाच लागलं नाही. पण सुतार मिळून चाक उभं राहीपर्यंत दुसरी दुपार झाली. त्या सबंध वेळात मी जांबोटीच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. ते मात्र दिवे वाचले का, ते बघत होते.

जांबोटीला पोहोचलो तेव्हा बायका ओट्या घेऊन घरी निघाल्या होत्या. शेजारणीचा पाळणा मागून बारसं उरकलं होतं. आक्का भिंतीला टेकून बसली होती. आप्पा दारात उभे राहिले.

"माझी सासू सगळ्यांना सांगत होती, माहेरचं येत्यात, येत्यात," आक्का हळू आवाजात म्हणाली. "दोन घटका थांबवलं तिनं बायकांना. लई लाज वाटली, आप्पा."

आप्पा वळले, गाडीकडे गेले आणि दिवा सोडवून पुसायला बसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मागोमाग गेले.

"तिच्याशी दोन शब्द तरी बोला की. आता कशाला पायजेत दिवे?"

त्यांनी मान वर केली नाही. "आत जाऊन काय बोलू, पोरी? हे तुझ्या आईचं काम हुतं. मला दिव्याचं कळतंय, दुसरं काय कळत न्हाय."

माझा राग गेला नाही. तेवढ्यात बाळंतीण असूनही आक्का पोराला घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर बसली. आप्पांचे हात कार्बाइडच्या राखेनं पांढरेफटक झाले होते, म्हणून त्यांनी ते मागं घेतले. आक्कानं पदर ओला केला, त्यांची बोटं एकेक करून पुसली आणि मगच पोराला मांडीवर दिलं. पण पुढं कितीतरी वर्षं त्या बारशाचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

आप्पांच्या शेवटच्या दुखण्यात आक्का महिनाभर त्यांच्या उशाशी होती. ते फार बोलत नसत. एका सकाळी मात्र दिव्यात पाणी किती सोडायचं, खडे किती घालायचे, हे तिला सांगू लागले. मी तिला खूण केली, राहू दे म्हणून. पण आक्का त्यांच्या आणखी जवळ सरकून बसली.

"आणि काच कशानं पुसायची, आप्पा?" तिनं विचारलं. "सांगा की, मी ऐकतीय."